ट्रकचालकांचा ओव्हरटाइम: लाइनवर आणि लोकल गाडीवर हिशेब कसा करायचा, दावा कुठे लावायचा

एकाच ट्रान्सपोर्टमध्ये दोन ड्रायव्हर असतात. एक भिवंडीच्या गोदामातून माल भरून ठाणे, वसई, पनवेल फिरतो आणि रात्री घरी जातो. दुसरा लाइनवर असतो. तो भिवंडीहून चेन्नईला जातो, परतीचा माल मिळेपर्यंत तिथेच थांबतो आणि मग माघारी निघतो. पहिल्याला महिन्याचा पगार मिळतो, दुसऱ्याला फेरीमागे ठरलेली रक्कम आणि वर भत्ता. लाइनवाल्याच्या हातात जास्त पैसे दिसतात, म्हणून त्याचं बरं चाललंय असा सगळ्यांचा समज असतो. पण त्या पैशांना स्टिअरिंगवर, वजनकाट्यावर आणि कंपनीच्या गेटबाहेर गेलेल्या तासांनी भागून बघा. कित्येकदा तासाचा दर लोकलवाल्यापेक्षा कमी निघतो.

कायद्याने दोघांचाही कामाचा दिवस आठ तासांचा आहे. त्यापुढच्या कामाचा दुप्पट दरही दोघांना सारखाच आहे. फरक पडतो तो पुराव्यात. लोकलवाल्याचे तास हजेरीवर असतात, लाइनवाल्याचे कुठेच लिहिलेले नसतात. म्हणून या लेखात कागदपत्रांवर जास्त भर दिला आहे. दावा तिथेच टिकतो किंवा पडतो.

कोणता कायदा लागू होतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. त्याआधी ट्रकचालकांचे तास १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ठरत. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गांवर ठरलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत काम देता येई, पण तेव्हाही आठ तासांवरच्या कामाला दुप्पट मजुरी द्यावी लागे. लांब पल्ल्याला सवलत होती ती तासांची. पैशांची सवलत मालकाला कधीच नव्हती. ‘लाइनवर ओव्हरटाइम नसतो’ हे वाक्य अनेक ऑफिसांत ठामपणे ऐकवलं जातं. त्याला कायद्यात आधार नाही.

आता कामाचे तास २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत आहेत, तर मजुरी आणि तिचे दावे २०१९च्या वेतन संहितेत. नव्या तरतुदीनुसार ओव्हरटाइमला कामगाराची संमतीही लागते.

पात्रता

ड्रायव्हर आणि क्लीनर, दोघेही दावा करू शकतात. पगार महिन्याचा असो, रोजाचा असो की फेरीचा, त्याने फरक पडत नाही. महत्त्वाचं हे की तुम्ही दुसऱ्याच्या गाडीवर, त्याच्या हुकमाने काम करता. स्वतःच्या नावावरची गाडी ट्रान्सपोर्टकडे लावून चालवणारा मालक-चालक यात बसत नाही. त्याचे थकलेले पैसे म्हणजे भाड्याची बाकी आणि तिचा मार्ग वेगळा आहे.

कामाच्या तासांची संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होते. जुन्या कायद्यात ही संख्या पाच होती. त्यामुळे चार-सहा गाड्यांच्या मालकाकडच्या ड्रायव्हरने आपला दावा मुख्यतः वेतन संहितेवर उभा करावा, कारण तिला कामगारसंख्येची अशी अट नाही आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दराची तरतूद तिच्यातही आहे. मात्र ती तरतूद तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरलेल्या किमान वेतनदराशी जोडलेली आहे. म्हणून फेरीवर काम करणाऱ्याने आपल्या कामाचा किमान वेतनदर कामगार कार्यालयातून आधी लिहून घ्यावा. फेरीच्या पैशांतून तो दरही सुटत नसेल, तर तो फरक वेगळा मागता येतो.

ठेकेदारामार्फत लागला असाल तरी घाबरू नका. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्या व्यवसायात तुम्ही काम केलं त्याच्यावर ती जबाबदारी जाते. अर्जात दोघांचीही नावं घाला.

कामाचे तास म्हणजे नेमके कोणते

सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं. मालक म्हणतो, गाडी चालली तेवढेच तास. कायदा तसं म्हणत नाही. मोटार वाहतूक कामगाराच्या कामाच्या तासांत गाडी चालू असतानाचं काम येतंच, शिवाय जोडकामही येतं. गाडी ताब्यात घेणं आणि लावणं, हिशेब देणं, रजिस्टरवर सही, हजेरीच्या जागेपासून गाडीपर्यंत जाणं, गाडीची देखभाल-दुरुस्ती, माल भरणं-उतरवणं हे सगळं १९६१च्या कायद्याने जोडकाम म्हणून मोजलं होतं. नव्या संहितेतही मोटार वाहतूक कामगारांसाठी हाच साचा ठेवला आहे. टायर बदलताना, ताडपत्री बांधताना, काट्यावर गाडी चढवताना गेलेला वेळ म्हणूनच कामाचा आहे.

नुसत्या थांबण्याचा नियम थोडा कडक आहे. ठिकाणावर काही न करता फक्त हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांच्या आत असेल तरच तो आपोआप कामात धरला जातो. गेटबाहेर सात तास गाडी उभी होती, एवढंच लिहिलंत तर मालकाचा वकील म्हणेल की ड्रायव्हर मोकळाच होता. त्या सात तासांत काय केलं ते लिहा: दर अर्ध्या तासाने गाडी पुढे घेतली, टोकन घेतलं, कागद तपासून घेतले, मालाची राखण केली, गाडी सोडून जाऊ नको असा फोन आला. गाडी सोडून कुठेही जायची मुभा नव्हती, हे दाखवता आलं की थांबलेल्या वेळेसाठी भांडता येतं. दोन्ही प्रकारच्या ड्रायव्हरांत या मुद्द्यावर सर्वात जास्त नुकसान लाइनवाल्याचं होतं आणि माझ्या मते ते सर्वात अन्यायाचंही आहे. उशीर माल घेणाऱ्याने करायचा आणि त्याची किंमत ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल व्हायची, हे चालू देता कामा नये.

भत्ता, पगार आणि दुप्पट दर

लोकल गाडीचा हिशेब सरळ आहे. समजा, महिन्याचं वेतन १८,२०० रुपये. २६ने भागलं की रोज ७००, आठने भागलं की तास ८७.५०, दुप्पट केलं की १७५. सकाळी ८ ते संध्याकाळी ७.३० ड्युटी आणि मध्ये एक तास सुट्टी असेल, तर काम साडेदहा तास झालं, म्हणजे ओव्हरटाइम अडीच तास. त्या दिवसाचे ४३७ रुपये ५० पैसे वर निघतात.

लाइनवर मालक मूळ पगार कमी दाखवतो आणि बाकीचं भत्ता, इन्सेंटिव्ह अशा नावांनी देतो. ओव्हरटाइम काढताना मग मूळ पगारच धरला जातो. वेतन संहितेने यावर एक उपाय दिला आहे. वेतनात न धरले जाणारे भत्ते, कमिशन वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. मूळ पगार १२,००० आणि अशा नावांखाली २०,००० मिळत असतील, तर एकूण ३२,००० आणि निम्मे १६,०००. वरचे ४,००० वेतनात मिळवून वेतन १६,००० झालं. तासाचा दुप्पट दर सुमारे ११५ रुपयांवरून सुमारे १५४ वर गेला. डिझेल, टोल, पंक्चर यासाठी हातात दिलेले पैसे मात्र या बेरजेत घेऊ नका, तो मालकाच्या धंद्याचा खर्च आहे.

कागदपत्रं

ओळखीसाठी आधार, गाडी चालवण्याचा परवाना आणि बँक पासबुकाच्या प्रती पुरतात.

नोकरीचा पुरावा म्हणून नियुक्तीपत्र सर्वात चांगलं आणि नव्या संहितेनुसार ते देणं मालकावर बंधनकारक आहे. ते नसेल तर वेतनचिठ्ठी, खात्यात आलेली रक्कम, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक), ईएसआयचा (कामगार विम्याचा) क्रमांक, कंपनीचं ओळखपत्र, गाडीचा नंबर घालून ऑफिसने पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश चालतात. पगार रोखीत मिळत असेल तर ज्या दिवशी मिळाला त्याच दिवशी रक्कम लिहून ऑफिसला संदेश टाका: ‘आज अमुक महिन्याचे इतके मिळाले.’ उत्तर आलं नाही तरी नोंद राहते.

तासांचा पुरावा हा दाव्याचा कणा आहे. लाइनवाल्याच्या केबिनमधून रोज कागद जातात आणि माल उतरला की तो ते देऊन टाकतो. देण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढा. बिल्टी (माल पाठवल्याची ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं जीएसटीचं कागदपत्र), काट्याची पावती, कंपनीचा गेटपास, डिझेलची पावती, चलन या सगळ्यांवर तारीख असते, बहुतेकांवर वेळही असते. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. त्यावरून मार्ग किती लांबीचा होता आणि मालकाने किती दिवसांत पोहोचायला लावलं, हे समोर ठेवता येतं. टोलनाक्यांच्या वेळा फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये असतात. ते मालकाच्या खात्यावर असलं तरी चिंता नाही, पुढे सुनावणीत ते मागवता येतं. जीपीएसचंही तसंच.

या सगळ्यासोबत एक साधी वही ठेवा. रोज चार ओळी पुरे: ड्युटी कधी सुरू झाली, कुठे थांबलो आणि का, विश्रांती किती, ड्युटी कधी संपली. त्याच दिवशी लिहिलेल्या वहीला जे वजन असतं, ते सहा महिन्यांनी आठवून केलेल्या तक्त्याला येत नाही.

अर्ज

आधी मालकाला लेखी मागणी करा. कोणत्या महिन्यात किती जादा तास झाले, दर काय आणि बाकी किती, एवढं एका पानावर मांडा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. दाव्यासाठी ही सक्तीची पायरी नाही. तरी करा, कारण काही मालक इथेच तडजोडीला येतात.

उत्तर आलं नाही तर मालकाचं ऑफिस ज्या भागात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात जा. खासगी ट्रान्सपोर्टसाठी राज्य सरकारचं कामगार खातं पाहतं. चालू नमुना तिथेच घ्या. अर्ज ड्रायव्हर स्वतः करू शकतो. तो सदस्य असलेली नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक-नि-सुविधाकार, म्हणजे कामगार खात्याचा निरीक्षकही करू शकतो. एकाच मालकाकडच्या अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो. शक्य असेल तर तसाच करा, एकट्यावर दबाव आणणं सोपं असतं. वेतन संहितेखाली दावा उद्भवल्यापासून तीन वर्षांत अर्ज करता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीच्या कामाच्या बाकीला जुन्या कायद्यांच्या बऱ्याच कमी मुदती आड येऊ शकतात, त्यामुळे ती बाकी असेल तर थांबू नका.

वकिलाची ऐपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मागता येते. त्यांचा क्रमांक १५१००.

सुनावणी आणि वसुली

मालकाला नोटीस जाते. मजुरी दिली होती हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. पण जादा तास झाले, हे पटवण्यासाठी तुमची वही आणि फोटो लागतातच. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे प्राधिकाऱ्याला, साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. फास्टॅग स्टेटमेंट, जीपीएस आणि हजेरीपट मागवण्याची विनंती पहिल्याच तारखेला लेखी द्या.

याच टप्प्यावर मालक बहुधा जुन्या अपघाताचं किंवा माल कमी भरल्याचं नुकसान पुढे करतो. अशी कपात करण्याआधी ड्रायव्हरला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि वेतनकाळातली एकूण कपात मजुरीच्या निम्म्याहून जास्त असता येत नाही. नोटीस न देता केलेली कपात त्याच अर्जात परत मागा. नोकरी सोडली असेल तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब व्हायला हवा होता, हेही त्यात लिहा.

निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा असं संहिता सांगते. बाकीसोबत दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मंजूर होऊ शकते. निकाल मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील आहे. निकालानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठी मालकाचा पूर्ण पत्ता आणि गाड्यांचे नोंदणी क्रमांक अर्जात पहिल्यापासून असू द्या.