आगीचा आठवडा सुट्टीत आणि रस्त्याचा आठवडा गॅदरिंगमधे: शाळेतल्या सुरक्षेच्या धड्यांची पार्श्वभूमी

भाचीच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागे एक मेसेज आला होता, "उद्या सकाळी ११ वाजता शाळेत फायर मॉक ड्रिल आहे, मुलांना पाण्याची बाटली आणि टोपी देणे, ऊन असेल." म्हणजे आग कधी लागणार, किती वेळ चालणार आणि तेव्हा हवामान कसं असेल हे सगळं आदल्या दिवशी कळवलेलं. हसू आलं पण मग डोक्यात आलं की हे ड्रिल, ती चित्रकला स्पर्धा, ती शपथ हे सगळं आपल्या शाळांमधे आलं कुठून? आमच्या वेळी तर आग म्हटलं की "१०१" एवढंच पाठ होतं, आणि बंब म्हणजे आजीच्या न्हाणीघरातला की लाल गाडीवाला यावर वर्गात वाद व्हायचा.

आगीचा धागा पकडायचा तर मुंबईच्या गोदीत जावं लागतं. १४ एप्रिल १९४४, दुसरं महायुद्ध चालू. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं, त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, वर सोन्याच्या विटा पण. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी ठेवायची बुद्धी कोणाला झाली कोण जाणे, पण युद्धाच्या घाईत ते झालं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, बंब आले, पाण्याचे होज आत सोडले, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, आणि १४ ते २० एप्रिल सप्ताह.

आता शाळेच्या बाजूने बघा. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. पुढचे सहा दिवस म्हणजे वार्षिक परीक्षा किंवा पेपर तपासणी, कुठे कुठे तर सुट्टीच लागलेली. म्हणजे फायर ब्रिगेडवाले शाळेत यायला तयार असतात तेव्हा वर्ग रिकामे. यात कोणाची चूक नाही, तारीख काही शाळेसाठी ठरलेली नव्हतीच, ती जवानांना श्रद्धांजली म्हणून ठरली. पण परिणाम असा झाला की आगीचा विषय मुलांपर्यंत पोचतो तो बहुतेक दिवाळीच्या आधी, फटाक्यांच्या शपथेतून. ती शपथ आवाज, धूर, पक्षी यांबद्दल जास्त असते आणि अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं, हे त्यात क्वचितच असतं.

रस्त्याचं नशीब थोडं बरं. रस्ता सुरक्षा सप्ताह जानेवारीत पडतो, शाळा चालू असतात, भले गॅदरिंगची धांदल असो. हा सप्ताह चांगला जुना आहे, २०२१ मधे ३२वा होता आणि त्याच वर्षी सप्ताहाचा महिना केला, १८ जानेवारी ते १७ फेब्रुवारी. आठवड्यात काही झालं नाही म्हणून महिना दिला असं आमचे एक सर म्हणायचे, असो.

पण महाराष्ट्रात सप्ताहापेक्षा मुलांच्या लक्षात राहते ती आरएसपी, म्हणजे रोड सेफ्टी पॅट्रोल. शाळेतल्या मुलांनीच शाळेसमोर वाहतूक सांभाळायची ही कल्पना मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारी वाढल्या तेव्हाची, तिथे ऑटोमोबाइल क्लबांनी ती पसरवली. आपल्याकडे त्याच धर्तीवर स्काउट, गाइड, एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर) यांच्या रांगेत आरएसपी येऊन बसली. मी आठवी-नववीत होतो आरएसपीत. शनिवारी सकाळी ग्राउंडवर खडूच्या फक्कीने चौक आखायचे आणि ट्रॅफिकचे हवालदार येऊन हात शिकवायचे. समोरून येणाऱ्याला थांबवायचं तर उजवा हात सरळ वर, तळवा त्याच्याकडे. मागून येणाऱ्याला थांबवायचं तर हात बाजूला खांद्याच्या रेषेत ताठ, आणि कोपर जरा जरी वाकलं तरी शिट्टी. अर्धी मुलं सायकल बनून चौकातून फिरायची, अर्धी पोलीस. त्यातली सायकल बनलेली मुलं मुद्दाम सिग्नल तोडायची, कारण तेवढीच मजा. पण खरं सांगतो, पोलीस रस्त्यावर हात कशासाठी करतो हे जे तेव्हा डोक्यात बसलं ते बसलंच, निबंधाने बसलं नसतं. हल्ली काही शहरांत त्यासाठी खास ट्रॅफिक पार्कच आहेत, नाशिकला आहे, पुण्यात औंधला आहे, छोटे रस्ते, छोटे सिग्नल, झेब्रा सगळं.

एक गोष्ट मात्र जुन्या धड्यांनी उलटी शिकवली असं माझं मत. "नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला" हे आम्ही घोकलं. फूटपाथ असेल तर ठीक, पण फूटपाथच नसलेल्या रस्त्यावर डावीकडून चाललं की गाड्या पाठीमागून येतात, दिसतच नाहीत. तिथे उजवीकडून, येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालणं बरं. आणि आता नवीनच घोळ झालाय तो यूट्यूबचा. लहान मुलं इंग्लिश कार्टून बघून "आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे" शिकतात, ते अमेरिकेचं, तिथे गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडे रस्ता ओलांडताना पहिली गाडी उजवीकडून येते म्हणून आधी उजवीकडे बघायचं. माझ्या भाचीने तर आग लागली तर कोणाला फोन करशील विचारल्यावर "मामा, ९११" सांगितलं होतं.

बरं, शाळा म्हणून आगीची भीती देशाला बसली ती दोन घटनांनी. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं डबवाली, शाळेचं वार्षिक संमेलन, मॅरेज पॅलेसच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या आवारात सिंथेटिक कापडाचा मंडप आणि बाहेर पडायला दार एकच. मंडप पेटला तो वितळून अंगावर पडत गेला, ४४२ जण गेले, त्यात मुलं आणि त्यांना बघायला आलेले आईबाप. डिसेंबर, गॅदरिंग, मंडप, झालर, हॅलोजन, हे वाचताना आपल्या गावचं संमेलन डोळ्यासमोर येतं ना, तसंच ते होतं.

दुसरी १६ जुलै २००४ ची, तमिळनाडूत कुंभकोणम. मधल्या जेवणाच्या स्वयंपाकघरातली ठिणगी वरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि छप्पर वर्गातल्या मुलांवर कोसळलं. ९४ मुलं. त्यावरून सुप्रीम कोर्टात याचिका झाली, आणि २००९ मधे कोर्टाने सांगितलं की सुरक्षित शाळेत शिकणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, म्हणून शाळेत आग विझवायची यंत्रं पाहिजेत, शिक्षकांना आणि स्टाफला ती वापरायचं ट्रेनिंग पाहिजे, इमारत नियमात पाहिजे. तुमच्या मुलाच्या शाळेच्या जिन्याजवळ तो लाल सिलिंडर लटकलेला दिसतो ना, त्यामागे बऱ्याच अंशी ही ९४ मुलं आहेत. आपल्या राज्याचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा, तो काही फक्त शाळांसाठी नाही. पण सिलिंडर असणं वेगळं आणि पिन ओढून, नळी आगीच्या ज्वाळेवर नाही तर बुडाशी धरून, दांडा दाबून इकडून तिकडे फिरवता येणं वेगळं. किती शिक्षकांनी ते एकदा तरी हाताने केलंय, विचारून बघा.

पुस्तकात हा विषय आला तो भूकंपामुळे. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली मुलं अरुंद गल्लीत गाडली गेली. त्यानंतर आपत्ती व्यवस्थापन अभ्यासक्रमात आलं, २००५ मधे त्याचा कायदा पण आला. आपल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधे तो अगदी शेवटचा धडा आहे. शेवटचा धडा म्हणजे काय होतं ते दहावी झालेल्याला सांगायला नको.

रस्त्याच्या बाबतीत शिकवण्यापेक्षा कायदाच जास्त धावला. २०११ मधे राज्याचे स्कूल बसचे नियम आले, पिवळा रंग, अटेंडंट, संकटकाळचं दार, प्रत्येक शाळेत परिवहन समिती. मुलं मात्र अजून रिक्षात दप्तरं बाहेर लटकवून जातात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद. गंमत म्हणजे १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं, आणि क्लासबाहेर उभ्या असतात त्या सगळ्या शंभरच्या वरच्या. आणि मे २०२४ मधे पुण्यात अपघातानंतर १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट तर देशभर गाजली. लोक चिडले ते बरोबरच, पण मला त्यात आपली शाळाच दिसली, सुरक्षा म्हटलं की आपल्याला निबंधच सुचतो.

सुरतेत २४ मे २०१९ ला क्लासला लागलेल्या आगीत २२ जण गेले. मुलं खिडकीतून उड्या मारत होती आणि खाली लोक मोबाईलवर शूट करत होते. त्यानंतर आपल्याकडेही क्लासेस तपासायची मोहीम निघाली, काही दिवस.

तर भाचीचं ते ड्रिल. संध्याकाळी फोनवर विचारलं कसं झालं. म्हणाली, मामा मस्त झालं, बेल वाजली, आम्ही रुमाल नाकाला लावून वाकून रांगेने खाली आलो, चार मिनिटांत ग्राउंडवर, प्रिन्सिपल मॅम खूष. मी म्हटलं दोन्ही जिन्यांनी आलात का? म्हणाली, नाही, मागच्या जिन्याखालचं गेट बंदच असतं, किल्ली शिपाईकाकांकडे असते, आणि ते तर पुढे ग्राउंडवर फोटो काढत होते.