बिलात न मागितलेली सेवा: फोन फॉरमॅट करायला आणण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारी एक तक्रार अगदी ठरलेली आहे. "फोनमध्ये व्हायरस शिरलाय, पैसे आपोआप कापले जातायत, सगळं पुसून द्या." अशा वेळी बहुतेकदा आम्ही फोन हातात घेण्याआधीच नाही म्हणतो. फोन कोरा केला तरी कापाकापी थांबत नाही, कारण ज्या सेवेचे पैसे कापले जातात ती फोनमध्ये बसलेलीच नसते. ती तुमच्या नंबरवर चालू असते आणि तिची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं तरी पुढच्या तारखेला पैसे जाणारच. फोटो आणि चॅट गमावून वर आम्हालाही पैसे देण्याची गरज नाही. (एक अपवाद आहे, तो पुढे सांगितला आहे.)

पैसे नेमके कुणाच्या खिशात जातात

बिलावर नाव मोबाईल कंपनीचं असलं तरी सेवा बहुधा तिची नसते. गेम, राशिभविष्य, वॉलपेपर, विनोद, व्यायामाचे व्हिडिओ असलं काहीतरी विकणारा तिसराच कुणीतरी असतो. तो आणि मोबाईल कंपनी यांच्या मधे बऱ्याचदा आणखी एक मध्यस्थ असतो. मोबाईल कंपनी तुमच्याकडून वसुली करते, आपला वाटा काढून घेते आणि उरलेले पैसे पुढे पाठवते. याला कॅरिअर बिलिंग म्हणतात. ही सोय मुळात वाईट नाही. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्यालाही हवी ती सेवा फोनच्या बिलावर घेता येते. पण तक्रार करायला गेलं की कंपनी सेवावाल्याकडे बोट दाखवते, सेवावाला मध्यस्थाकडे, आणि मध्यस्थाचं तर नावही आपण कधी ऐकलेलं नसतं.

हा घोळ जगभर झालेला आहे. अमेरिकेत याला 'क्रॅमिंग' म्हणतात. न मागितलेल्या मेसेज-सेवांचे साधारण ९.९९ डॉलर दर महिन्याला लोकांच्या बिलात घुसवले जात होते. त्यावरून २०१४ मध्ये तिथल्या मोबाईल कंपन्यांपैकी एटी अँड टीला १०.५ कोटी डॉलरची आणि टी-मोबाईलला किमान ९ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. पुढच्याच वर्षी व्हेरायझन आणि स्प्रिंट यांचीही पाळी आली. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये फोनच्या बिलावरच्या अशाच वसुलीच्या प्रकरणात टेलस्ट्रा या मोबाईल कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. हे सांगण्याचं कारण एवढंच की कस्टमर केअरवरचा माणूस "तुम्हीच कुठेतरी दाबलं असणार" असं ठासून म्हणाला, तर गप्प बसू नका. वसुली करणाऱ्या कंपनीचीही जबाबदारी असते, हे ठिकठिकाणच्या नियामकांनी आधीच दाखवून दिलं आहे.

"मी तर काहीच दाबलं नव्हतं"

बहुतेक वेळा हे खरं असतं, आणि तरीही काहीतरी दाबलं गेलेलं असतं. दोन्ही एकाच वेळी कसं खरं, ते बघा.

तुम्ही बातमी वाचताय. मधेच पूर्ण पडदा व्यापणारं पान उघडतं. त्यावर मोठं हिरवं बटण, 'पुढे जा' किंवा 'व्हिडिओ पाहा'. बंद करण्याची फुली कोपऱ्यात, नखाएवढी. बटणाच्या खाली, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगात, अगदी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पहिले काही दिवस मोफत, नंतर दर आठवड्याला इतके पैसे, बंद करेपर्यंत आपोआप नूतनीकरण. अंगठा फुलीवर नेम धरतो आणि बटणावर पडतो. झालं.

"पण मी माझा नंबर कुठेच टाकला नाही," हा पुढचा प्रश्न. टाकावा लागतच नाही. वाय-फायवर असताना वेबसाइटला तुमचा नंबर माहीत नसतो. मोबाईल डेटावर मात्र तुमची प्रत्येक मागणी मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतूनच जाते, आणि नंबर कुणाचा आहे हे तिला ठाऊक असतं. ज्या सेवांशी तिचा करार आहे, त्यांच्या पानाला ती तुमची ओळख परस्पर पुरवू शकते. म्हणून कार्ड नाही, पासवर्ड नाही, ओटीपी नाही, तरी खरेदी पूर्ण. न मागता अशी पानं उघडायला लागली की मोबाईल डेटा लगेच बंद करा आणि ब्राउझर पूर्ण मिटवा. फुलीवर नेम धरत बसू नका.

दुसरी वाट सिमची. पडद्यावर अचानक एक चौकोन येतो, त्यात एखादं वाक्य आणि 'ओके' व 'कॅन्सल'. हा नेहमीचा मेसेज नसतो, सिममधल्या मेनूतून आलेला असतो. खिशात ठेवता ठेवता 'ओके' दाबलं जातं. फोनमध्ये 'सिम टूलकिट' नावाचं अॅप सापडतं, त्यात पुष्कळदा हे चौकोन बंद करायची सोय असते. तीही तपासून घ्या.

कॉलर ट्यूनचं तर विचारूच नका. दुसऱ्याला फोन लावला, त्याची धून ऐकू आली, "ही धून हवी असल्यास स्टार दाबा" असं कुणीतरी म्हणालं आणि पोराने दाबलं. महिनाभर फुकट, मग बिलात.

आधी ओळ शोधा

बिलाची फक्त एकूण रक्कम बघून भरणारे, किंवा बँकेतून आपोआप भरणारे, यांचीच वर्षानुवर्षं फसगत होते. तपशिलाचं पान उघडा. 'मूल्यवर्धित सेवा', 'अन्य शुल्क', 'तृतीय पक्ष', 'प्रीमियम', 'कंटेंट' अशा नावाखाली ती ओळ असते. आकडा मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, डोळ्यात न भरणारा. प्रीपेडवाल्यांना बिल येत नाही. त्यांनी कंपनीच्या अॅपमध्ये वापराचा इतिहास काढावा आणि ज्या वेळी ना कॉल ना मेसेज, तरी बॅलन्स कमी झालाय, ती वेळ टिपावी.

ओळीवर गूगल प्ले किंवा अॅपल असं लिहिलं असेल तर प्रकरण वेगळं आणि सोपं. ते सदस्यत्व तुमच्या त्या खात्यात आहे, फक्त पैसे फोनच्या बिलावर टाकलेत. अॅप स्टोअर उघडा, आपल्या नावावर जा, सबस्क्रिप्शनची यादी काढा आणि तिथून रद्द करा. अॅप काढून टाकलं म्हणजे सदस्यत्व रद्द झालं असं होत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की समोर बसवून दाखवल्याशिवाय लोक मानत नाहीत.

घरातली इतर सिमही तपासा. टॅबलेट, डोंगल, राउटर यांतल्या सिमवर येणारे मेसेज कुणीच वाचत नाही. 'तुमची सेवा सुरू झाली आहे' हा मेसेज महिनोन्‌महिने तिथेच पडून असतो आणि बिल वाढत राहतं. छोट्या ऑफिसात, जिथे एकाच बिलावर अनेक नंबर असतात, तिथे हे हमखास सापडतं.

बंद करणं

सेवेचा मेसेज चार, पाच किंवा सहा आकडी छोट्या नंबरवरून किंवा कंपनीच्या नावाने आलेला असतो. बंद करायचा शब्द त्यातच दिलेला असतो, बहुधा 'स्टॉप'. तो शब्द मेसेजमध्ये दिला आहे तसाच, त्याच नंबरला पाठवा. अनोळखी साध्या मोबाईल नंबरवरून आलेल्या मेसेजला मात्र 'स्टॉप' पाठवू नका. नंबर चालू आहे एवढीच बातमी त्यातून समोरच्याला मिळते. आलेल्या लिंकवर जाऊनही काही बंद करू नका.

'स्टॉप' पाठवून थांबू नका. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा कस्टमर केअरला विचारून चालू सेवांची पूर्ण यादी मागा. एक सेवा सापडली की तिच्या मागे दुसरी असतेच, निदान आमच्या पाहण्यात तरी. बंद झाल्याचा मेसेज आला की तो ठेवा, पुसू नका.

भारतातल्या ग्राहकांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा स्पष्ट संमती घ्या. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांना समान टोल-फ्री नंबरही ठरवून दिला. दुसरी संमती कधी आणि कशी घेतली, हा प्रश्न तुम्ही विचारला की समोरच्याचा सूर पुष्कळदा बदलतो.

पैसे परत मागणं

बंद करणं आणि पैसे परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बंद केली की आपण सुटलो म्हणून लोक मागचे पैसे सोडून देतात. ज्यांच्या सेवा घेतल्याचं तुम्हाला आठवतही नाही, त्यांना ही उदारता कशाला?

फोनवर कितीही बोललात तरी एक लेखी तक्रार हवीच, ईमेलने किंवा अॅपमधून. मजकूर साधा ठेवा. आम्ही ग्राहकांना असा लिहून देतो:

"माझ्या अमुक नंबरच्या अमुक महिन्याच्या बिलात तमुक सेवेचे इतके पैसे लावले आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. कृपया सेवा पुरवणाऱ्याचं नाव, सेवा सुरू झाल्याची तारीख व वेळ, आणि माझी संमती कोणत्या मार्गाने घेतली त्याची नोंद कळवावी. नोंद नसल्यास सुरुवातीपासूनची पूर्ण रक्कम परत करावी आणि यापुढे माझ्या नंबरवर अशा सर्व सेवा रोखाव्यात. तक्रार क्रमांक द्यावा."

यात राग नाही, धमकी नाही, "तुम्ही चोर आहात" नाही. सगळी ताकद संमतीच्या नोंदीच्या मागणीत आहे. नोंद मिळालीच तर तिची वेळ बघा. पहाटे तीनला संमती दिली असेल आणि तुम्ही झोपलेले असाल, तर बोलायला मुद्दा मिळाला. कंपनी "सेवावाल्याशी बोला" म्हणाली तर म्हणा, पैसे तुमच्या बिलात आहेत, उत्तर तुम्हीच द्या. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर कंपनीतच वरच्या पातळीवर अपील करता येतं, आणि तिथे हाच क्रमांक विचारतात. बिल आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, कारण अॅपमधला जुना इतिहास कायम राहीलच असं नाही.

वाद चालू आहे म्हणून अख्खं बिलच भरायचं नाही, असं करू नका. आउटगोइंग बंद पडतं, वर उशिराचं शुल्क लागतं, आणि मग भांडण वेगळ्याच मुद्द्यावर जातं. वादातली रक्कम वगळून बाकीचं भरता येईल का, हे त्याच ईमेलमध्ये विचारा.

एक धोका पैसे परत मागतानाच असतो. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. शोधात वर येणारे काही नंबर भामट्यांचे असतात. "रिफंड देतो" म्हणत ते कार्डाचा नंबर मागतात, ओटीपी मागतात, नाहीतर स्क्रीन दिसावी म्हणून एखादं अॅप टाकायला लावतात. नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधलाच घ्या. बिलात लागलेले पैसे परत करायला तुमचा ओटीपी कुणालाही लागत नाही.

दार लावून घ्या

कंपनीला एकच प्रश्न विचारा: "माझ्या नंबरवर तृतीय पक्षाचं बिलिंग आणि प्रीमियम मेसेज पूर्ण बंद करता येतील का?" बऱ्याच कंपन्यांकडे ही सोय असते, पण आपणहून कुणी सांगत नाही. हे केलं की चुकून बटण दाबलं गेलं तरी पैसे जात नाहीत. मुलांच्या हातातल्या फोनवर आणि ज्येष्ठांच्या नंबरवर तर हे पहिल्या दिवशीच करून घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. एकच पथ्य: बँकेचे ओटीपी ज्या मेसेजने येतात ते यात अडकणार नाहीत ना, हे विचारून खात्री करा.

आता तो अपवाद

सेवा बंद केली, दार लावायला सांगितलं, तरी नव्या नावाने सेवा सुरू होत असेल तर मात्र फोनवर संशय घ्यायला हरकत नाही. 'जोकर' नावाने ओळखला जाणारा घातक अॅप्सचा एक प्रकार नेमकं हेच करतो. वरून तो फोटो सुधारणारा, कीबोर्ड किंवा मेसेजचं अॅप असल्याचं भासवतो. आतून सेवेचं पान उघडतो, बटण स्वतः दाबतो, आणि आलेला कोड मेसेजमधून किंवा नोटिफिकेशनमधून वाचून भरतो. जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं होतं की या प्रकारची १,७०० हून अधिक अॅप्स प्ले स्टोअरवरून हटवली आहेत. म्हणजे अधिकृत दुकानातून घेतलेलं अॅपही डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखं नसतं.

सेटिंगमध्ये 'नोटिफिकेशन अॅक्सेस' आणि एसएमएसची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघा. टॉर्चच्या किंवा वॉलपेपरच्या अॅपला तुमचे मेसेज वाचायचं काय कारण? ते काढा. एवढ्यानेही थांबलं नाही तर फोन घेऊन या. तेव्हा फॉरमॅट करणं योग्य ठरू शकतं, तेही डेटाची प्रत काढून झाल्यावर.

येताना शेवटच्या दोन-तीन बिलांच्या प्रती, आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक सोबत ठेवा. सिम ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती बरोबर असली तर उत्तम, कारण कंपनी तिच्याशीच बोलते. तक्रारीचा मजकूर आम्ही बसून लिहून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. ईमेल मात्र तुमच्या खात्यावरून तुम्हीच पाठवायचा, आणि पासवर्ड आम्हालाही सांगायचा नाही.