राई, घाटमाथ्यावरची

सह्याद्रीच्या माथ्यावर उघड्या सड्यांच्या (सपाट कातळ-पठारांच्या) अधेमधे टिकून असलेला सदाहरित वा निमसदाहरित झाडांचा लहान तुकडा. भीमाशंकर, आहुपे, महाबळेश्वर या परिसरांत सुमारे १,००० ते १,४०० मी. उंचीवर अशा राया आढळतात. देवाच्या नावाने राखली की तीच देवराई.

राई कुठे उभी राहणार, हे मातीची खोली ठरवते. सड्यावर कातळ आणि वर मातीचा जेमतेम पापुद्रा. पावसाळ्यात तो थबथबलेला, मार्चपासून कोरडाठाक. तिथे गवत, सोनकी, तेरडा यांचेच राज्य. खळग्यात, ओढ्याच्या उगमाशी, कड्याच्या आडोशाला माती साचते आणि तिथे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही झाडे धरतात. वाऱ्याच्या माऱ्याने ती खुजी राहतात. खोडांवर शेवाळ, नेचे, आमरी (ऑर्किड). उतारावर कारवी असते. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि वाळते.

शेकरू ही मोठी खार शक्यतो जमिनीवर उतरत नाही, शेंड्याशेंड्यांवरून फिरते. त्यामुळे झाडांच्या शेंड्यांची छत्री सलग लागते. भीमाशंकर अभयारण्य (१९८५, १३०.७८ चौ. किमी) मुख्यतः याच राज्यप्राण्यासाठी घोषित झाले.

राई बहुधा आतून नव्हे, कडेकडून मरते. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कडेच्या फांद्या तोडल्या की ऊन-वारा आत शिरतो, पाचोळा सुकतो आणि उन्हाळ्यात सड्यावरचा वणवा थेट आत येतो. एरवी ओलसर पाचोळ्यापाशी तो बहुतेकदा विझतो. म्हणून कडेची करवंद, तोरणाची जाळी ‘साफ’ करू नये; फेब्रुवारीअखेर जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढावी ती जाळीच्या बाहेर, गवतात. मंदिराभोवतीचा पाचोळा रोज झाडून काढणे हेही नुकसानच : त्याबरोबर बी आणि कोवळी रोपे जातात, आणि मोठी झाडे उभी असल्याने ते बरीच वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

रोपे लावायची तर राईतल्याच झाडांची. जांभळाचे बी वाळले की रुजत नाही. जूनमध्ये फळ पडताच गर धुऊन काही दिवसांतच पेरावे. जागा कडेलगतची, खोल मातीची, अर्ध्या सावलीची. चराई किमान दोन-तीन वर्षे बंद. सड्यावर खड्डे मारून झाडे लावण्याचा उत्साह मात्र आवरावा. पावसाळ्यात त्या खड्ड्यांत पाणी तुंबून मुळे कुजतात, वाचलेली रोपे एप्रिलमध्ये करपतात, आणि गवताचा मूळ थर फुटतो तो वेगळाच.