प्रश्नावली छापण्याआधी एवढं वाचा

शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे संघ आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्थांसाठी, सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या तपासून देणाऱ्या आमच्याकडून

आपल्याकडचा माणूस दारी आलेल्याला सतरंजी टाकून बसवतो, चहा ठेवतो आणि त्याचं मन मोडेल असं उत्तर सहसा देत नाही. त्यामुळे प्रश्नातच "नाही" म्हणायला वाट ठेवली नसेल, तर गावभर फॉर्म भरूनही तुमचंच मत तुमच्याकडे परत येतं.

"आपल्या कंपनीच्या चोख काट्यामुळे तुमचा फायदा झाला ना?" यात उत्तर आधीच भरलेलं आहे. घडलेली गोष्ट विचारा: "मागच्या हंगामातलं सोयाबीन कुठे कुठे विकलं?" पर्याय द्या: बाजार समिती, खेडा खरेदी (गावातच व्यापाऱ्याला), कंपनीचं केंद्र, इतर ठिकाणी, विकलंच नाही. एकाहून जास्त खुणा चालतील, हेही लिहा. निम्मा माल व्यापाऱ्याला दिलेला शेतकरी इथे संकोच न करता सांगतो.

"भाव आणि चुकारा याबाबत समाधानी आहात का?" ज्याला भाव पटला पण चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, अडकला, त्याने काय सांगावं? हे दोन प्रश्न आहेत, दोन ओळींत विचारा.

"पीक विमा काढला नाही का?" यावर "हो" आलं तर काढला असाही अर्थ होतो, नाही काढला असाही. "या खरिपात पीक विमा काढला होता का?" एवढं पुरे.

सगळ्यांत जास्त नुकसान आमच्या मते एका साध्या प्रश्नाने होतं: "शेती कोणाची?" बाई सासऱ्याचं नाव सांगते, बियाण्याचे आणि फवारणीचे पुढचे प्रश्न त्यांनाच विचारले जातात, आणि रोज वावरात राबणारी तीच सर्वेक्षणातून गळते. पतीच्या मागे शेती सांभाळणाऱ्या कितीतरी जणींच्या नावावर सातबारा नसतो. म्हणून वेगळं विचारा: सातबारा कोणाच्या नावावर आहे? यंदा वावर कोण कसतं? मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) केलेली जमीनही अशीच सापडते.

"गेल्या वर्षी" म्हणजे नेमकं कधीपासून? "मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत" म्हटलं की हिशेब जुळतो. काळ किती धरायचा, हेही मोलाचं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत खाद्यपदार्थांचा ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा खर्च एकाच घराला शेजारी शेजारी विचारला गेला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, असा अभ्यासकांचा आक्षेप होता. त्या फेरीवरून काढलेले गरिबीचे आकडे आधीच्या आकड्यांशी ताडता येतात का, यावर मोठा वाद झाला.

पर्यायांत "२ ते ५ एकर" आणि "५ ते १० एकर" असेल, तर ५ एकरवाला कुठे बसेल? "उत्तम, छान, बरं" यांच्या जोडीला "वाईट" आणि "फार वाईट"ही हवं. "माहीत नाही" हा पर्याय कधीही काढू नका.

सावकाराच्या कर्जाचा प्रश्न शेवटी ठेवा. तो चारचौघांत नको, आणि उत्तर न देण्याची मोकळीक आधीच सांगा. कंपनीच्या कामाबद्दल कंपनीच्याच माणसाने विचारू नये. मेळघाटात जायचं असेल तर कोरकू भाषांतर आधी कागदावर तयार हवं. दारात उभ्याने केलेलं भाषांतर प्रत्येक घरी बदलतं.

छपाईआधी शेजारच्या गावात आठ-दहा जणांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यात काय विचारलंय, तुमच्या शब्दांत सांगा." जिथे माणूस अडखळला, तिथे प्रश्न बदला. हे काम आम्ही तुमच्यासोबत येऊन करतो. निष्कर्ष आधी ठरवून आणलेलं सर्वेक्षण मात्र आम्ही घेत नाही.

पहिल्या भेटीला कच्ची प्रश्नावली आणा. प्रत्येक प्रश्नासमोर, त्याच्या उत्तरावरून तुम्ही कोणता निर्णय घेणार, ते एका ओळीत लिहून ठेवा. ज्या प्रश्नासमोर ओळ कोरी राहील, तो आपण आधी खोडू.