शेपर्ड, ॲलन बार्टलेट

(१८ नोव्हेंबर १९२३–२१ जुलै १९९८). अमेरिकन नौदल वैमानिक, अवकाशात गेलेले पहिले अमेरिकन व चंद्रावर उतरलेले पाचवे मानव. जन्म न्यू हँपशर राज्यातील ईस्ट डेरी येथे. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून १९४४ मध्ये पदवीधर. पॅसिफिकमधील युद्धात ते विनाशिकेवर होते. १९४७ मध्ये ते नौदल वैमानिक झाले व पुढे पॅटक्संट रिव्हर येथे चाचणी वैमानिक म्हणून नावारूपास आले. १९५९ मध्ये मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या समानव अवकाश प्रकल्पाच्या सात अंतराळवीरांत त्यांची निवड झाली.

५ मे १९६१ रोजी ‘फ्रीडम ७’ या अवकाशकुपीतून (लहान यानातून) त्यांनी सु. १८७ किमी. उंची गाठली. उड्डाणाचा काळ कोठे १५ मि. २२ से., तर कोठे १५ मि. २८ से. दिलेला आढळतो. बाहेर पाहण्याच्या परिदर्शीवरील (पेरिस्कोपवरील) करडी काच काढायची राहून गेल्याने खालची पृथ्वी त्यांना करड्या छटांतच दिसली. काच काढायला हात नेला, तेव्हा मनगट उड्डाण रद्द करण्याच्या दांड्याला लागले आणि त्यांनी तो नाद सोडला.

अवकाशात गेलेले पहिले मानव, सोव्हिएत अंतराळवीर यूरी गागारीन (१२ एप्रिल १९६१) यानातून बाहेर पडून हवाई छत्रीने उतरले होते. विक्रमाच्या तत्कालीन नियमांनुसार वैमानिकाने यानासह उतरणे आवश्यक असल्याने पहिले ‘पूर्ण’ अवकाश उड्डाण शेपर्ड यांचे, असे काहींचे म्हणणे आहे. मात्र गागारीन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली होती व त्यांचा विक्रमही कायम राहिला. त्यामुळे पहिला मान त्यांनाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. यानाचा रोख अवकाशात स्वहस्ते बदलण्याचा पहिला मान मात्र शेपर्ड यांचा. गागारीन यांच्या यानातील हस्तनियंत्रण १२५ या सांकेतिक अंकाने कुलूपबंद होते.

१९६३ मध्ये अंतर्कर्णाच्या मेन्येर विकाराने शेपर्ड यांना भोवळ येऊ लागली व उड्डाणबंदी झाली. त्या काळात त्यांनी अंतराळवीर कार्यालयाचे प्रमुखपद सांभाळले. अंतर्कर्णातील जादा द्रवाचा निचरा करणारी बारीक नळी शस्त्रक्रियेने बसवल्यावर १९६९ मध्ये ते पुन्हा उड्डाणास पात्र ठरले. त्यांची ही चिकाटी पहिल्या उड्डाणाइतकीच मोलाची आहे.

५ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो १४ मधून ते व सहकारी अंतराळवीर एडगर मिचेल चंद्राच्या फ्रा मौरो भागात उतरले. शेपर्ड तेव्हा ४७ वर्षांचे होते. दोघांनी सु. ४३ किग्रॅ. नमुने आणले. नमुने गोळा करण्याच्या अवजाराच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे टोक बसवून शेपर्ड यांनी तेथे दोन चेंडू टोलवले. चेंडू मैलोन्‌मैल गेल्याचे ते म्हणाले. २०२१ मधील छायाचित्र-विश्लेषणानुसार ती अंतरे सु. २२ मी. व ३७ मी. भरतात. १९७१ मध्येच नौदलात रिअर ॲडमिरल. १९७४ मध्ये निवृत्त. कॅलिफोर्नियात रक्ताच्या कर्करोगाने निधन.