किशोरवयातील झोप

किशोरवयातील झोप : वयात येताना मुलामुलींची झोपेची वेळ आपोआप पुढे सरकते, पण झोपेची गरज त्या मानाने कमी होत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असते. रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी हाक मारूनही जाग येत नाही, याला सरसकट आळस म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी चुकीचे आहे.

अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरू लागते. यौवनारंभानंतर हा स्राव एक ते दोन तास उशिरा सुरू होतो. शिवाय जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ किशोरांमध्ये लहान मुलांपेक्षा सावकाश वाढते. त्यामुळे धाकटे भावंड नऊलाच पेंगत असते आणि थोरले अकरालाही टक्क जागे असते. साधारण विशीच्या सुमारास हा कल पुन्हा उलट फिरतो.

मूल साडेअकराला झोपून शाळेसाठी सहाला उठत असेल, तर त्याला साडेसहा तास मिळतात. किमान ८ तासांच्या हिशेबाने पाच दिवसांत साडेसात तासांची तूट साचते. मग सुट्टीच्या आदल्या रात्री दीडला झोपून सकाळी साडेदहाला उठणे होते. झोपेचा मध्यबिंदू पावणेतीनवरून सहावर जातो, म्हणजे सव्वातीन तासांचा फरक. जणू दूरच्या देशात विमानाने जाऊन आल्यासारखा. याला ‘सामाजिक जेटलॅग’ म्हणतात. सुट्टी संपल्याच्या रात्री झोप न येण्याचे कारण बहुधा हेच.

पालक सहसा झोपायची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणतात. हा उपाय हमखास फसतो, कारण नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वाधिक जागे असते. मूल अंथरुणात तळमळते आणि अंथरूण म्हणजे तळमळ अशी सांगड बसते. सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करावी. ती रोज एकच ठेवावी, सुट्टीत फार तर एक तास पुढे जाऊ द्यावी. उठल्यावर पहिल्या तासात २०-३० मिनिटे बाहेरच्या उजेडात जावे. खोलीतला दिवा पुरत नाही, ढगाळ दिवसाचा उजेडही त्याच्या कित्येक पट प्रखर असतो. मग झोपेची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे घ्यावी. तासाभराचा फरक पडायला साधारण दीड आठवडा लागतो आणि सुट्टीतले एक लांबलेले जागरण त्यावर पाणी फिरवू शकते.

संध्याकाळी दिवे मंद करावेत. मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. पडद्याच्या उजेडापेक्षा त्यावर चाललेल्या गप्पा आणि खेळच अनेकदा जास्त जागवतात. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे ५ तास लागतात, म्हणून कॉफी, कोला आणि ऊर्जापेये दुपारनंतर टाळावीत. डुलकी २०-३० मिनिटांची आणि दुपारी तीनच्या आत असावी; शाळेतून आल्यावरची दोन तासांची झोप रात्रीची ओढच खाऊन टाकते. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून मंद उजेडात काहीतरी शांतपणे करावे.

सारा भार घरावर टाकणेही योग्य नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. सिअ‍ॅटल शहरात २०१६ मध्ये शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केल्यावर विद्यार्थ्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. उशिरा शाळा म्हणजे आणखी जागरण, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर टॉन्सिल वा अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या, घशाच्या वरच्या भागातील गाठी) वाढल्याची शंका घ्यावी. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोह तपासून घ्यावे. मेलाटोनिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. चुकीच्या वेळी घेतल्यास त्या शरीराचे घड्याळ उलट्या दिशेलाही सरकवतात.