औद्योगिक भूसंपादन (महाराष्ट्र)

कारखाने यावेत आणि रोजगार वाढावा म्हणून शासनाने किंवा शासकीय महामंडळाने खासगी जमीन ताब्यात घ्यायची, तिथे रस्ते, पाणी, वीज आणायची आणि भूखंड पाडून ते उद्योजकांना द्यायचे, या पद्धतीला औद्योगिक भूसंपादन म्हणतात. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) करते. धरण किंवा रस्त्यासाठी घेतलेली जमीन सरकारकडेच राहते. इथे मात्र ती शेवटी एखाद्या कंपनीच्या कुंपणाआड जाते. एकाची जमीन काढून दुसऱ्याला देणे हे ‘सार्वजनिक प्रयोजन’ कसे, हा प्रश्न त्यामुळे या विषयाची पाठ सोडत नाही.

पूर्वपीठिका

जागा देऊन कारखानदाराला बोलावण्याची रीत एमआयडीसीच्या बरीच आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना बेळगावात होता. तिथल्या नगरपालिकेला वाढत्या वस्तीसाठी तीच जागा हवी झाली, आणि किर्लोस्करांना उठावे लागले. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानातला, कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना देऊ केला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. एका स्थानिक सत्तेने कारखाना घालवला आणि दुसरीने तो आणला. पुढे उद्योगांची संख्या वाढली तशी सरकारची नजर पिकत्या रानांवरही गेली.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक उद्योग मुंबईत दाटले होते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि त्या पट्ट्याकडे उद्योजकांचे लक्ष वळले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले. पाठोपाठ महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ आला आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये महामंडळाची सुरुवात झाली. १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना लागू झाली. तालुक्यांना अ, ब, क, ड, ड+ असे वर्ग देऊन मागास भागाला जास्त सवलत, असे तिचे सूत्र आहे. जमीन आणि सवलत या दोन दोऱ्यांनी उद्योग ओढण्याचे धोरण तेव्हापासून फारसे बदललेले नाही.

कायदा आणि प्रत्यक्ष व्यवहार

१९६१ च्या कायद्याचे सहावे प्रकरण भूसंपादनाचे आहे. आधी ते प्रकरण एखाद्या क्षेत्राला लागू केल्याची अधिसूचना निघते. मग कलम ३२(२) खाली खातेदारांना नोटिसा जातात, हरकती ऐकल्या जातात आणि शेवटी ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात येते. ती प्रसिद्ध होताच जमीन सर्व बोज्यांतून मोकळी होऊन शासनाकडे निहित होते. मोबदल्याचे कलम त्यापुढचे, ३३ वे. म्हणजे कायद्याच्या भाषेत मालकी आधी जाते आणि पैशांचा हिशोब मागून होतो. शेतकऱ्यांच्या सभांत या क्रमाइतका राग दुसऱ्या कशाचाच निघत नाही.

गावात मात्र या साऱ्याची पहिली खूण म्हणजे सातबाऱ्यावर पडणारा शिक्का. त्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात एमआयडीसीची नोंद चढली की जमीन विकता येत नाही, बँक कर्ज द्यायला काचकूच करते, विहीर खोदावी की नाही ते कळत नाही. पुढची अधिसूचना निघायला कधी महिने, कधी वर्षे जातात. ‘जमीन घ्या नाहीतर शिक्के काढा’ ही मागणी औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकू येते.

त्यानंतर संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूकरमापक, महामंडळाचा माणूस, तलाठी आणि खातेदार बांधावर उभे राहतात. जिरायत किती, बागायत किती, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) किती हे ठरते. विहीर, पाइपलाइन, गोठा, झाडे यांची वेगळी यादी होते आणि झाडाचे वय पाहून त्याचा भाव लावला जातो. म्हणूनच अधिसूचनेची कुणकुण लागताच कालपर्यंत मोकळ्या असलेल्या वावरात आंब्याची रोपे दिसू लागतात. बांधावर नसलेली मंडळीही याच सुमारास जागी होतात. कुठे काय येणार हे आधी कळलेले बाहेरचे खरेदीदार पडत्या भावाने जमीन घेऊन ठेवतात आणि मोबदल्याच्या यादीत त्यांचीच नावे वर दिसतात.

मोबदला दोन वाटांनी मिळतो. वाटाघाटीने दर ठरला तर संमतीपत्र लिहून द्यावे लागते, पैसे लवकर मिळतात आणि वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बहुधा बंद होते. दर पटला नाही तर जिल्हाधिकारी निवाडा देतात आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. निवाड्याला आधार असतो तो आसपासच्या खरेदीखतांचा. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी दाखवायची आणि उरलेली हातोहात द्यायची, ही सवय गावोगाव आहे. तिचा फटका मग संपादनाच्या वेळी सगळ्या गावाला बसतो, कारण कागदावर तिथला भाव कमीच दिसतो.

केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के जमीनधारकांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला ही त्याची वैशिष्ट्ये. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून एमआयडीसी कायद्याखालच्या संपादनाला या कायद्यातून सूट दिली; मोबदला आणि पुनर्वसन तेवढे २०१३ च्या मापाने द्यायचे ठरवले. पैसा नव्या कायद्याचा आणि सक्ती जुन्या कायद्याची, अशी ही जोड आहे.

ग्रामपंचायतीला या प्रक्रियेत फारसे स्थान नाही. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला तरी तो १९६१ च्या कायद्यानुसार बंधनकारक ठरत नाही. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यामुळे संपादनाआधी सल्लामसलत करावी लागते, एवढाच अपवाद.

भाव आणि वाटा

संपादनावरचे भांडण वरवर पाहता दराचे दिसते. खोलात गेले की ते पुढच्या भाववाढीचे निघते. वसाहत झाली की शेजारची राहिलेली जमीन गुंठ्यावर विकली जाऊ लागते. ज्याची जमीन वसाहतीत गेली त्याला एकरी ठरलेले पैसे एकदाच मिळतात आणि ज्याची बांधापलीकडे राहिली तो ‘गुंठामंत्री’ होतो. चुलत भावांच्या घरांत पडलेली ही तफावत कुठलाही निवाडा भरून काढत नाही. महामंडळ भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे कागदोपत्री मालकी महामंडळाची राहते, पण भाडेपट्टा हस्तांतरित होतो आणि वाढलेल्या किमतीचा मोठा भाग तिथेच जिरतो.

या वाढीतला वाटा शेतकऱ्यालाही मिळावा, हे तत्त्व सरकारला मान्य करायला लागले ते नवी मुंबईच्या आंदोलनामुळे. सिडको या शासकीय महामंडळाच्या नव्या शहरासाठी १९७० पासून ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली जात होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि पागोटे इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील या लढ्याचे नेते होते. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नवी मुंबई विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. पिंपरी-चिंचवडमध्ये कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. तिथल्या सुरुवातीच्या बाधितांना मात्र साडेबारा टक्क्यांसाठी दशकानुदशके खेटे घालावे लागले.

पुणे जिल्ह्यातल्या खेड सेझमध्ये (सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र) १५ टक्के परताव्याचे ठरले. परताव्याची जमीन प्रत्येकाच्या नावे न होता शेतकरी भागधारक असलेल्या कंपनीकडे गेली आणि ‘आमचा परतावा कुठे’ हा वाद वर्षानुवर्षे चालला. परताव्याचा भूखंड हातात पडेपर्यंत त्यावर विसंबू नये, असे आता त्या भागात कोणीही सांगेल. याउलट हडपसरच्या मगरपट्ट्यात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके भाग दिले. तिथे आयटी कंपन्याही आल्या आणि भाडेही कुटुंबांकडे येत राहिले. हा नमुना सगळे वाखाणतात. पण शहराला लागून असलेली, एकाच भावकीच्या हातातली जमीन आणि आधीपासून पक्के असलेले नेतृत्व या तीन गोष्टी एकत्र क्वचितच सापडतात, आणि म्हणूनच त्याची नक्कल फारशी झालेली दिसत नाही.

रोजगार

जमीन घेताना नोकरीचे आश्वासन दिले जाते; कायद्याने ते कंपनीवर बांधील नसते. राज्याचे धोरण स्थानिकांना पर्यवेक्षकीय पदांत ५० आणि इतर पदांत ८० टक्के जागा द्याव्यात असे आहे. तिथे ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा रहिवासी, गावचा नव्हे. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण मिळते. एका सातबाऱ्यामागे दाखला एक आणि मुलगे चार, हे चित्र सर्रास दिसते.

चाकण, रांजणगाव, वाळूज यांसारख्या वसाहतींनी लाखोंना काम दिले यात वाद नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाज आली आणि तिच्या मागे सुट्या भागांचे असंख्य छोटे कारखाने आले. जमीन गेलेल्या घरातला तरुण मात्र आयटीआय झालेला नसेल तर यंत्रापर्यंत पोचत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो ठेका: कामगार पुरवण्याचा, बसचा, कॅन्टीनचा, पाण्याच्या टँकरचा आणि सर्वांत जास्त मारामारीचा म्हणजे भंगाराचा. वसाहतींतल्या गुन्हेगारीचा एक मोठा धागा या भंगाराशीच जाऊन मिळतो.

विरोध आणि माघार

रायगड जिल्ह्यात रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी संपादन सुरू असताना पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. हेटवणे धरणाचे पाणी मिळणार असलेली ही गावे होती. संपादन पुढे मुदतीत पूर्ण न झाल्याने बारगळले. गोव्यात लोकांच्या रेट्यामुळे दिगंबर कामत सरकारने ३१ डिसेंबर २००७ रोजीच सेझ रद्द करत असल्याचे जाहीर केले होते. राजापूरच्या नाणार परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०१७ मध्ये एमआयडीसीने अधिसूचना काढली आणि लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये ती रद्द झाली. त्याच तालुक्यात बारसूला एप्रिल २०२३ मध्ये मातीपरीक्षण सुरू होताच सड्यावर (कातळाच्या माळावर) बायका आडव्या झाल्या.

जमीन तयार ठेवली म्हणजे कारखाना येतोच असेही नाही. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार म्हणून चर्चेत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने ती भागीदारीच सोडली.

अमेरिकेत असे संपादन नगरपालिकाही करते. जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी डेट्रॉइट शहराने १९८१ मध्ये पोलटाउन ही वस्ती उठवली. सुमारे ४,२०० लोक विस्थापित झाले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ते मान्य केले आणि २००४ मध्ये स्वतःचाच निकाल फिरवला. न्यू लंडन शहराने विकास योजनेसाठी लोकांची घरे घेतल्याच्या प्रकरणात २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराची बाजू उचलून धरली. ज्या फायझर कंपनीच्या आधाराने ती योजना आखली होती, तिने २००९ मध्ये ते शहर सोडण्याचे जाहीर केले.

नोंदीबाहेरचे

मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. बहिणींची नावे लागलेली असतील तर धनादेश निघण्याआधी त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घेण्याची धावपळ होते; हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणी नाही म्हणू लागल्या आणि कित्येक घरांची रक्कम वारसांच्या वादात न्यायालयात पडून राहिली. भोगवटादार वर्ग-२ च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीत सरकारचा हिस्सा आधी वळता होतो. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, वाट्याने शेती करणारे, शेतमजूर, कुळाची नोंद न लागलेले आदिवासी, माळावर शेळ्या चारणारे यांचे नाव कुठल्याच रकान्यात नसते. २०१३ च्या कायद्याने उपजीविका गमावणाऱ्यांनाही बाधित मानले आहे. त्यासाठी आधी कोणीतरी त्यांची यादी करावी लागते आणि संयुक्त मोजणीला त्यांना बोलावणे नसते.